पियानो ट्रायो बसवायची कशी: हेडनच्या जी मेजर ट्रायोवर टप्प्याटप्प्याने

व्हायोलिन, चेलो आणि पियानो वाजवणारे तिघं एकत्र येतात, तिघांनी ग्रेडच्या परीक्षा दिलेल्या असतात, आपापला भाग प्रत्येकाला घरी नीट येतो, आणि तरी एकत्र बसल्यावर दहा मिनिटांत सगळं विस्कटतं. मुंबई, पुणे, गोवा, सगळीकडे हे दिसतं. मग पुन्हा पहिल्या बारपासून सुरुवात, पुन्हा त्याच जागी गोंधळ, आणि दोन-तीन रविवार असे गेले की कोणीतरी म्हणतं आपण जरा सोपा पीस घेऊया का. पीस बदलून काही होत नाही, कारण घोळ क्रमात असतो. तिघांनी एकत्र वाजवणं ही खरं तर सहावी-सातवी पायरी आहे आणि लोक तिथूनच सुरू करतात.

उदाहरणासाठी हेडनची जी मेजर ट्रायो घेतो, हेडनच्या रचनांच्या होबोकेनच्या यादीत १५:२५, जिला सगळे 'जिप्सी ट्रायो' म्हणतात. १७९५ ची आहे, तीन मूव्हमेंट आहेत, सगळी मिळून साधारण पंधरा मिनिटांची. पहिल्यांदा ट्रायो बसवणाऱ्यांनी हीच घ्यावी असं माझं मत आहे. बेथोव्हनची 'आर्चड्यूक' किंवा मेंडेल्सनची डी मायनर आवडते म्हणून पहिल्याच वेळी हात घालू नका, मेंडेल्सनमध्ये पियानोवाल्यालाच एकट्याला महिनोनमहिने लागतात आणि तोवर बाकीचे दोघं कंटाळतात.

१. आधी प्रती नीट जमवा

तिघांकडे एकाच एडिशनची प्रत हवी. ऐकायला किरकोळ वाटतं पण अर्ध्या रिहर्सल यातच वाया जातात, कारण व्हायोलिनवाल्याने फुकटच्या साइटवरून एक जुना स्कॅन काढलेला असतो, पियानोवाल्याने दुसराच, आणि चेलोवाल्याकडे गुरूंनी दिलेली झेरॉक्स असते. जुन्या छापील प्रतींमध्ये संपादकांनी स्वतःच्या मनाने स्लर (सूर जोडून वाजवायची कमान), फोर्टे-पियानोच्या म्हणजे जोरात-हळूच्या खुणा, बोईंग (गज कुठल्या दिशेने चालवायचा ते) असं बरंच काही घातलेलं असतं, त्यामुळे व्हायोलिनला जिथे स्लर दिसतो तिथे पियानोच्या प्रतीत सुटे सूर असतात आणि मग कोण बरोबर यावर वाद. हेनले किंवा बेरेनरायटरसारख्या प्रकाशकांची उर्टेक्स्ट, म्हणजे संपादकांची भर न घालता मूळ स्रोतांना धरून छापलेली एडिशन घेता आली तर सगळ्यात उत्तम. महाग पडते, तिघांत वाटून घ्या.

ट्रायोमध्ये पियानोची प्रत हीच पूर्ण स्कोअर असते, पियानोच्या ओळींच्या वर व्हायोलिन आणि चेलोच्या ओळी छोट्या अक्षरांत छापलेल्या असतात. बाकीच्या दोघांना मात्र फक्त आपली एक ओळ मिळते. म्हणून स्कोअरच्या आणखी दोन प्रती करून व्हायोलिन आणि चेलोवाल्याला द्या, वाजवण्यासाठी नाही, घरी वाचण्यासाठी.

मग बार नंबर. जुन्या स्कॅनवर बहुतेक वेळा नंबर नसतात, ते पेन्सिलने घाला. पहिला पूर्ण बार म्हणजे १, त्याच्या आधी अर्धवट सूर असतील तर ते मोजायचे नाहीत. रिपीटला पहिला शेवट आणि दुसरा शेवट असे दोन कंस असतील तर ते कसे मोजायचे हे तिघांनी एकदाच ठरवा.

तपासा: फोनवर बोलताना कोणीही एक बार नंबर सांगा आणि बाकीच्या दोघांनी त्या बारमधला आपला पहिला सूर सांगायचा. तीन-चार ठिकाणी जुळलं की पुढे जा.

रिपीट घ्यायचे की नाही हेही आत्ताच ठरवा. पहिली मूव्हमेंट अँडान्ते (मध्यम, चालत्या लयीची) आहे, व्हेरिएशनची, म्हणजे एकच सुरावट रूप बदलत पुन्हा पुन्हा येते, तिथे एकजण रिपीटला मागे गेला आणि दुसरा पुढे गेला की काही सेकंद कोणाला कळतच नाही काय झालं, कारण सुरावट तर सारखीच वाटते.

२. घरचा अभ्यास: आपला भाग येणं पुरेसं नाही

वाद्य हातात न घेता स्कोअर समोर ठेवून रेकॉर्डिंग ऐका. बोझार ट्रायोने हेडनच्या ट्रायो रेकॉर्ड केल्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही, पण एकाच रेकॉर्डिंगवर अडकू नका, नाहीतर रिहर्सलमध्ये तुम्ही त्या रेकॉर्डिंगशी जुळवायला लागता आणि समोर बसलेल्या दोघांना ऐकतच नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना पेन्सिल घ्या. प्रत्येक आठ-दहा बारला तीन गोष्टी लिहायच्या: इथे मुख्य सुरावट कोणाकडे आहे, मी कोणाबरोबर तेच सूर वाजवतोय, आणि मी एकटा कुठे आहे. हेडनमध्ये हे करताना लगेच दिसतं की चेलो जवळजवळ सगळीकडे पियानोच्या डाव्या हाताबरोबर चालतो, व्हायोलिन पुष्कळ ठिकाणी उजव्या हाताबरोबर. पण काही जागा आहेत जिथे चित्र उलटं होतं. पहिल्या मूव्हमेंटमधलं ई मायनरचं व्हेरिएशन व्हायोलिनचं आहे, दुसऱ्या मूव्हमेंटच्या मधल्या भागातही सुरावट व्हायोलिनकडे जाते आणि पियानो मागे सरकतो. या जागांना रंगीत खूण करा, कारण तिथे पियानोवाल्याला आपला हात हलका करावा लागणार आहे आणि ते आयत्या वेळी सुचत नाही.

पियानोवाल्यासाठी वेगळं काम आहे. फक्त डावा हात, पूर्ण मूव्हमेंट, मेट्रोनोमवर. चेलोवाला याच डाव्या हातावर उभा राहणार आहे, आणि दोन्ही हात एकत्र वाजवताना डावा हात कुठे कुठे ओढला जातो हे वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकू येत नाही.

व्हायोलिन-चेलोवाल्यांनी आपल्या ओळीत विश्रामाच्या जागी दुसऱ्याचा सूर छोट्या अक्षरात लिहून ठेवायचा. नुसतं 'चार बार थांब' मोजत बसलं की एक चुकला की चुकलाच, आणि 'पियानोची वर जाणारी तान संपली की मी' असं माहीत असलं तर मोजणी हुकली तरी माणूस बरोबर येतो.

तपासा: पायाने ठेका धरून दुसऱ्याची ओळ गुणगुणता येते का बघा. सुरात नसली तरी चालेल, लयीत हवी. हे येत नसेल तर तुम्ही रिहर्सलला तयार नाही, मग आपला भाग पाठ का असेना.

३. खोली, खुर्च्या आणि पियानो

प्रेक्षकांच्या बाजूने बघितलं तर पियानोचा कीबोर्ड डावीकडे, व्हायोलिन पुढे डावीकडे आणि चेलो पुढे उजवीकडे, पियानोच्या वळणापाशी. ही नेहमीची मांडणी आहे आणि तिला कारण आहे, व्हायोलिनचा आवाज वरच्या पाटीवरच्या भोकांतून निघतो आणि डावीकडे बसलं की तो प्रेक्षकांकडे जातो. पण सुरुवातीच्या रिहर्सलमध्ये मी म्हणेन ही मांडणी विसरा. तिघंही एकमेकांकडे तोंड करून त्रिकोणात बसा. स्टेजची मांडणी शेवटच्या दोन-तीन रिहर्सलमध्ये घ्या.

खुर्च्या हात नसलेल्या, सपाट आणि टणक हव्यात. चेलोची पिन गुळगुळीत लादीवर सरकते, म्हणून खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा किंवा रबरी स्टॉपर आणा, नाहीतर खाली जाड सतरंजी तरी. म्युझिक स्टँड इतका खाली ठेवा की त्याच्यावरून समोरच्याचा चेहरा आणि हात दिसला पाहिजे. स्टँडमागे लपलेला व्हायोलिनवाला कितीही चांगली खूण देवो, ती कोणाला दिसत नाही.

बऱ्याच घरांत ग्रँड पियानो नसतो, डिजिटल असतो. डिजिटलवर एक अडचण हमखास येते, त्या पियानोचे स्पीकर वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांपाशी किंवा मागे असतात, त्यामुळे पियानोवाल्याला स्वतःचा आवाज एक ऐकू येतो आणि चेलोवाल्याला भलताच. बाहेरचा स्पीकर जोडून तो तिघांच्या साधारण मध्ये, कानाच्या उंचीवर ठेवा, आणि व्हॉल्यूम एकदा ठरवला की रिहर्सलभर त्याला हात लावायचा नाही. आवाज कमी-जास्त बोटांनीच करायचा.

सावध: खरा पियानो असेल तर पावसाळ्यात तो हमखास बदलतो. हवेतल्या ओलाव्याने साउंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतात, मधल्या सप्तकात जास्त. मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत जून ते सप्टेंबर हे धरूनच चाला, आणि कार्यक्रम पावसाळ्यात असेल तर ट्यूनरला आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी बोलवा, पंधरा दिवस आधी करून घेतलेलं ट्यूनिंग तोवर टिकत नाही. आणि व्हायोलिन, चेलो एसीच्या थेट झोताखाली ठेवू नका.

४. सूर लावणं: इथे घाई केली की पुढचं सगळं बेसूर

सगळ्यात जास्त चुका मी या टप्प्यावर बघितल्यात, आणि बहुतेक जणांना माहीतच नसतं की ते चुकतायत.

नेहमीची पद्धत अशी की पियानोवाला ए देतो, व्हायोलिन आणि चेलो ए लावतात, आणि मग आपापल्या बाकीच्या तारा कानाने शुद्ध पंचमात लावून घेतात. एकट्याने किंवा क्वार्टेटमध्ये वाजवताना हे ठीक आहे. पियानोबरोबर ठीक नाही. पियानोवरचा पंचम थोडा अरुंद असतो, ७०० सेंटचा (सेंट म्हणजे पियानोवरच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), आणि कानाला गोड लागणारा शुद्ध पंचम साधारण ७०२ सेंटचा. दोन सेंटने काय बिघडतं असं वाटेल. पण चेलोच्या तारा ए, डी, जी, सी अशा खाली जातात, म्हणजे ए पासून सी पर्यंत तीन पंचम, आणि प्रत्येक ठिकाणी दोन सेंट खाली गेलात तर सर्वात जाड सी तार पियानोच्या सीपेक्षा जवळजवळ सहा सेंट उतरलेली असते. तिकडे व्हायोलिनची ई तार ए च्या वर एक शुद्ध पंचम, म्हणजे पियानोपेक्षा दोन सेंट चढलेली. खालची चेलोची मोकळी सी आणि वरची व्हायोलिनची मोकळी ई एकत्र आली की त्यांच्यात आठ सेंटचा फरक, आणि मध्ये पियानो.

हे कानाने ऐकायचं असेल तर पियानोवर खालचा सी हलकेच दाबून धरा आणि चेलोवर मोकळी सी लांब गजाने वाजवा. फरक असेल तर सूर स्थिर राहत नाही, त्यात एक मंद हेलकावा येतो, वॉव-वॉव असा. आता सी तार अगदी किंचित वर घ्या, खुंटीने नाही, खाली टेलपीसवरच्या फाइन ट्यूनरने. हेलकावा लांबत जातो आणि एका क्षणी नाहीसा होतो. तोच सूर तुमचा. हे एकदा कानाला कळलं की परत सांगावं लागत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. पियानोवाल्याने डी मायनरचा कॉर्ड द्यायचा, डी-एफ-ए, नुसता ए नाही, कॉर्डमध्ये ए नीट बसतो की नाही हे पटकन कळतं. आधी चेलो लावेल, तेव्हा व्हायोलिन गप्प. मग व्हायोलिन, तेव्हा चेलो गप्प. ए झाल्यावर बाकीची प्रत्येक तार पियानोच्या त्या त्या सुराशी ताडून बघायची आणि पंचम थोडे अरुंद ठेवायचे.

वाजवताना एक साधा नियम पाळा. पियानोबरोबर तोच सूर वाजवताय तर पियानोचाच सूर घ्या, तुमचं शुद्ध कितीही शुद्ध असलं तरी. व्हायोलिन आणि चेलो दोघंच असतील किंवा पियानो दूर असेल तिथे तीव्र-कोमल थोडं आपल्या कानाने घेता येतं. पियानोवरचा मेजर थर्ड शुद्धपेक्षा जवळपास १४ सेंट रुंद असतो, ज्यांनी हार्मोनियमच्या साथीला गाणाऱ्या लोकांची गंधारावरची तक्रार ऐकली आहे त्यांना हे लगेच समजेल.

सावध: दुसरी मूव्हमेंट पोको अडाजिओ ई मेजरमध्ये आहे. चार शार्प, मोकळ्या तारा कमी कामाच्या, सगळं बोटांवर. पहिल्या मूव्हमेंटनंतर घाईने सुरू करू नका, सूर पुन्हा बघून घ्या आणि मग एक हात खाली सोडून श्वास घ्या.

५. दोघा-दोघांनी, खालून वर

आता वाजवायला सुरुवात, पण तिघांनी नाही.

पहिली जोडी: चेलो आणि पियानोचा डावा हात. फक्त तेवढंच. बहुतेक ग्रुप हे कधीच करत नाहीत, कारण हेडनमध्ये चेलोला काही कामच नाही असा समज आहे. त्या काळच्या पियानोचा खालचा आवाज बारीक होता आणि पटकन विरायचा, चेलो त्याला लांबी आणि भरीवपणा द्यायचा. आजच्या पियानोवर उलट झालंय, डावा हातच इतका जड वाजतो की चेलो दिसेनासा होतो. म्हणून या जोडीने ठरवायचं असतं: पियानोवाला सुराची सुरुवात देईल आणि लांबी चेलो देईल. डावा हात हलका, बोटं चावीच्या जवळ, पेडल जवळजवळ नाहीच. अँडान्तेचा पहिला भाग असा चार-पाच वेळा वाजवला की एकच जाड-मऊ वाद्य वाजतंय असं वाटायला लागतं, आणि मला ट्रायोमधला हा सगळ्यात सुंदर क्षण वाटतो, सुरावट अजून आलेलीच नसते तरी.

दुसरी जोडी: व्हायोलिन आणि उजवा हात. इथे प्रश्न सुरांच्या लांबीचा आणि अलंकारांचा. ट्रिल (दोन लगतचे सूर झपाट्याने आलटून पालटून) आणि टर्न (मुख्य सुराभोवती घेतलेला छोटा वळसा) दोघांना एकत्र असतील तर कुठल्या सुरावरून सुरू करायचा, किती फेरे, कधी संपवायचा, हे बोलून पेन्सिलने लिहा. 'जमेल तसं' म्हणून सोडलेला ट्रिल कधीच जमत नाही.

तिसरी जोडी: व्हायोलिन आणि चेलो, पियानो गप्प. पियानो नसताना ओळी उघड्या पडतात, पोकळ वाटतात, तरी करा. बोईंग इथेच ठरतं. सारखी फ्रेझ असेल तर दोघांचा डाउनबो एकत्र यायला हवा असं नाही, पण सुराला सोडण्याची पद्धत एक हवी.

तपासा: तीनही जोड्या प्रत्येक मूव्हमेंट ठरलेल्या वेगाच्या दोन-तृतीयांश वेगात न थांबता वाजवू शकल्या, की मगच तिघं एकत्र.

६. सुरुवात कशी करायची

एक-दोन-तीन-चार मोजून सुरुवात करू नका. रिहर्सलमध्ये सवय लागते आणि कार्यक्रमात तोंडाने मोजता येत नाही, मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

खूण एकाने द्यायची, साधारणपणे व्हायोलिनवाल्याने, कारण त्याची हालचाल सगळ्यांना दिसते. खूण म्हणजे मान हलवणं नाही. खूण म्हणजे एक श्वास, बरोबर एका मात्रेचा, येणाऱ्या लयीतच. अँडान्तेला श्वास सैल आणि लांब, शेवटच्या प्रेस्टोला छोटा आणि टोकदार. व्हायोलिनचं डोकं म्हणजे स्क्रोल किंचित वर जातं, बाकीचे दोघं त्याच क्षणी नाकाने श्वास घेतात, आणि स्क्रोल खाली येतं तिथे सूर. श्वास लयीपेक्षा जलद घेतला तर पियानो आधी पडतो, मध्येच अडखळला तर चेलो मागे राहतो, इतकं ते नाजूक आहे.

सरावासाठी फक्त पहिला बार घ्या. वाजवा, थांबा, परत. खूण देणारा दरवेळी वेग थोडा बदलेल, आधी न सांगता, बाकीच्यांनी श्वासावरून तो ओळखायचा. मग खूण देणारा बदला, चेलोवाल्याने द्या, पियानोवाल्याने द्या. पियानोवाल्याचे हात अडकलेले असतात म्हणून त्याला ती खांद्याने आणि श्वासाने द्यावी लागते, आणि हे त्याला यायलाच हवं कारण मधल्या पुष्कळ जागांवर सुरुवात त्याच्याकडून असते.

सुरुवातीइतकाच शेवट महत्त्वाचा. शेवटचा सूर कधी सोडायचा? पियानोचा सूर आपोआप विरतो, गजाचा विरत नाही, म्हणून व्हायोलिन-चेलोवाल्यांनी पियानोच्या विरण्याबरोबर गज हलका करत न्यायचा आणि पियानोवाल्याने पेडल त्यांच्या गजाकडे बघून सोडायचं.

७. तिघं एकत्र, हळू

प्रत्येक मूव्हमेंटचा वेग तिच्यातल्या सगळ्यात अवघड जागेवरून ठरवा. पहिली मूव्हमेंट सुरुवातीला इतकी साधी वाटते की लोक झपझप चालायला लागतात, आणि शेवटच्या व्हेरिएशनमध्ये पियानोचा उजवा हात बारीक सुरांनी पळायला लागला की पियानोवाला अडकतो, मग लय पडते आणि व्हायोलिनवाला त्याच्याकडे बघतो. आधी ते व्हेरिएशन पियानोवाल्याने आरामात वाजवता येईल अशा वेगात वाजवावं, तो वेग मेट्रोनोमवर बघावा, आणि सुरुवातही त्याच वेगात.

पोको अडाजिओमध्ये पियानोची ट्रिपलेट्स (एका मात्रेत तीन सूर) सतत वाहत असतात. तिथे बाकीच्या दोघांनी मनात मोठी मात्रा न धरता ट्रिपलेट धरायची. लांब सूर धरून ठेवलेला चेलोवाला मनात ट्रिपलेट म्हणत नसेल तर पुढच्या सुराला हमखास उशीर करतो.

शेवटचा रोंडो (मुख्य सुरावट मधूनमधून परत येते असा) प्रेस्टो, म्हणजे खूप जलद आहे आणि इथेच सगळे मरतात. क्वार्टरला ८० पासून सुरू करा, स्वच्छ झालं की चार-चारने वर चढा, कुठल्याही दिवशी शेवटी परत हळू वाजवून थांबा. वेग १०० च्या पुढे गेला की मेट्रोनोम प्रत्येक मात्रेला न ठेवता बारला एक टिकटिक असा ठेवा, म्हणजे मधली लय तुमची तुम्हाला सांभाळावी लागते. व्हायोलिन आणि उजवा हात बारीक सूर एकत्र वाजवतात तिथे व्हायोलिनवाल्याने गज कमी वापरावा, मधल्या भागाच्या जवळ, तारेला चिकटून. जी मायनरचे तुकडे आले की जोर चढतो आणि जोराबरोबर वेगही चढतो. जोर हवाच आहे, तो ॲक्सेंटमधून येऊ दे.

सावध: चूक झाली की लगेच थांबून पहिल्या बारला जाऊ नका. चुकलेल्या जागेच्या चार बार आधीपासून आणि चार बार नंतरपर्यंत, तेवढंच घ्या. पहिलं पान नेहमी छान आणि शेवटचं पान नेहमी कच्चं, याचं कारण हेच असतं.

८. आवाजाचा तोल

'पियानो फार जोरात आहे' ही तक्रार प्रत्येक ट्रायोत होते आणि पियानोवाला बिचारा सगळंच हळू वाजवायला लागतो, मग सुरावटही जाते. सगळं हळू नकोय. डावा हात हलका करा, पेडल अर्धं करा, सुरावटीचं बोट तसंच ठेवा. झाकण पूर्ण बंद केलं की आवाज घोगरा होतो, छोट्या काडीवर ठेवून बघा, मोठ्या हॉलमध्ये पूर्ण उघडंही चालतं जर डावा हात ताब्यात असेल तर.

व्हायोलिन-चेलोवाल्यांनी आपल्या प्रतीतल्या 'पी' चे, म्हणजे हळू वाजवायच्या खुणेचे, दोन प्रकार करावेत. सुरावट आपल्याकडे असताना 'पी' म्हणजे मागच्या रांगेत पोचेल असा मऊ आवाज, साथीला असताना 'पी' म्हणजे दुसऱ्याच्या खाली. छापील खूण एकच असते, अर्थ दोन.

फोन वाद्यांपासून चार-पाच मीटर लांब ठेवून रेकॉर्ड करा, स्टँडवर ठेवून नाही, तिथे जवळचं वाद्यच ऐकू येतं. रेकॉर्डिंग त्याच दिवशी एकत्र ऐका, हातात स्कोअर, आणि प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल बोलायचं. दुसऱ्याच्या चुका त्याला स्वतःला ऐकू येतातच.

९. पानं उलटणं आणि हरवल्यावर परत येणं

पान उलटणारा माणूस पियानोवाल्याच्या डावीकडे बसतो, वेळ आली की उभा राहतो आणि डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरतो, म्हणजे पियानोवाल्याचे हात आणि नजर अडत नाही. त्याला किमान दोन रिहर्सलना बोलवा, रिपीटला पान मागे कुठे जायचं हे पेन्सिलने मोठं लिहून द्या. टॅबलेट आणि पायाचं पेडल वापरत असाल तर चार्ज, ब्लूटूथ आणि नोटिफिकेशन बंद हे बघा, आणि कागदी प्रत बाकाखाली ठेवाच.

हरवण्याचा सराव मुद्दाम करा. प्रत्येक मूव्हमेंटमध्ये तिघांनी मिळून चार-पाच जागा ठरवा, जिथे काहीही झालं तरी सगळे भेटतील: नव्या व्हेरिएशनची सुरुवात, रोंडोची मुख्य सुरावट परत येते ती जागा. मग चालू असताना एकाने मुद्दाम थांबायचं, बाकीच्यांनी चालू ठेवायचं, आणि थांबलेल्याने पुढच्या जागेवर परत यायचं. पूर्ण स्कोअर फक्त पियानोवाल्यासमोर असते, म्हणून दुसरं कोणी हरवलं तर सावरायची जबाबदारी त्याची: त्याने पुढच्या जागेची पहिली मात्रा थोडी ठळक द्यायची. तो स्वतः हरवला तर चेलोवाल्याने बास पक्का धरून ठेवायचा.

१०. कार्यक्रमाच्या दिवशी

हॉलवर लवकर पोचा, आधी पियानोच्या स्टुलाची उंची, मग झाकण, मग खुर्च्या, मग दिवे, आणि शेवटी वाद्यं बाहेर काढा. पूर्ण पीस वाजवू नका. प्रत्येक मूव्हमेंटची सुरुवात, शेवट आणि वेग बदलतो त्या जागा, एवढंच, आणि एकाने मागच्या रांगेत जाऊन ऐकायचं. हॉल भरला की आवाज कोरडा होतो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये पियानो थोडा जास्त घुमला तर लगेच पेडल बदलू नका.

प्रेस्टो सुरू करायच्या आधी तिघांनीही मनात त्यातली सगळ्यात अवघड दोन बार म्हणायची, सुरुवातीची नाही. वेग त्यावरून येतो. टाळ्यांनी चढलेल्या ठोक्यांवरून घेतलेला वेग हा तुमचा वेग नसतो.

यानंतरचा पीस निवडताना चेलोवाल्याचा विचार आधी करा. हेडनमध्ये त्याने सगळी ट्रायो खांद्यावर घेतली आणि त्याच्या वाट्याला सुरावट जवळजवळ आलीच नाही. बेथोव्हनची बी फ्लॅट मेजर ट्रायो, ओपस ११, घ्या. मूळ क्लॅरिनेटसाठी आहे पण व्हायोलिनवरही वाजवतात, आणि तिच्या अडाजिओची सुरुवातच चेलोच्या सुरावटीने होते. तीही वर सांगितल्याप्रमाणेच बसवायची, पण पाचव्या टप्प्यात एक बदल करून: पहिली जोडी चेलो आणि पियानोचे दोन्ही हात.